समुद्रातल्या गॅसच्या मागावर : स्टावांगर ते हॅमरफेस्ट

दिवस पहिला : स्टावांगर

बाबांनी अडतीस वर्षं वेल्ड तपासले. जहाजांचे, टाक्यांचे, पाइपांचे. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर. संगणकावर सांगाड्याची जाळी विणायची आणि कुठल्या कोपऱ्यावर किती ताण येतो ते काढायचं, हे माझं काम. जेवायला बसलो की आमच्या घरात याच गोष्टी निघतात. बाबा निवृत्त झाल्यावर कुठे जायचं हा प्रश्न आला, तेव्हा दोघांच्याही तोंडून एकच नाव आलं : नॉर्वे. तिथला समुद्रातला गॅस कसा बाहेर काढला, ते दक्षिणेकडून उत्तरेकडे जात बघायचं, असं ठरलं. जून महिना, नऊ दिवस.

सुरुवात स्टावांगरच्या पेट्रोलियम संग्रहालयापासून केली. बंदराच्या काठावरची ही इमारत १९९९ साली उघडली. लांबून ती एखाद्या लहानशा प्लॅटफॉर्मसारखीच दिसते. दारापर्यंत पोचायला आम्हाला वेळ लागला, कारण बाबा वाटेतल्या प्रत्येक कठड्याच्या वेल्डवरून अंगठा फिरवत होते. ही त्यांची जुनी सवय. डोळ्याला दिसत नाही ते अंगठ्याला कळतं, असं ते म्हणतात.

या देशाची गोष्ट नकारापासून सुरू होते. १९५८ साली नॉर्वेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याने सरकारला लेखी कळवलं होतं की, आपल्या किनाऱ्यालगतच्या समुद्राखाली कोळसा, तेल किंवा गंधक मिळण्याची शक्यता सोडून द्यावी. पुढच्याच वर्षी नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनला जमिनीखाली प्रचंड गॅस सापडला. तेच खडक उत्तर समुद्राखाली गेले असतील तर, या विचाराने कंपन्या समुद्राकडे वळल्या. १९६५ मध्ये ब्रिटन आणि डेन्मार्कबरोबर समुद्राची वाटणी झाली आणि १९६९ मध्ये एकोफिस्क हे तेल आणि गॅसचं क्षेत्र सापडलं.

इथे मला पहिल्यांदा नीट उमगलेली गोष्ट म्हणजे नॉर्वेजियन खंदक. नॉर्वेच्या किनाऱ्याला समांतर समुद्रतळावर एक खोल दरी आहे. बाहेरचा उत्तर समुद्र बराच उथळ आहे, पण किनाऱ्याजवळ येताना तळ एकदम तीनशे मीटर आणि त्याहूनही खाली जातो. त्या काळी एवढ्या खोलीतून पाइप ओलांडून आणणं शक्य नव्हतं. त्यामुळे एकोफिस्कचा गॅस १९७७ पासून गेला तो थेट जर्मनीतल्या एम्डेनला. सापडला नॉर्वेच्या हद्दीत, पण नॉर्वेच्या किनाऱ्याला लागला नाही. गॅसचं क्षेत्र विकसित करणं म्हणजे विहीर खणणं, अशी माझी विद्यार्थिदशेतली समजूत होती. खरं काम गॅस किनाऱ्याला कसा लावायचा, इथून सुरू होतं.

ट्रोल ए या प्लॅटफॉर्मच्या माहितीपाशी आम्ही बराच वेळ उभे होतो. तळापासून माथ्यापर्यंत ४७२ मीटर. त्यातले ३६९ मीटर काँक्रीटचे चार पाय.

"हे उभं कुठे केलं असेल गं?" बाबांनी विचारलं.

"उद्या तिथेच जायचंय," मी म्हटलं.

दिवस दुसरा : गान्सफ्योर्ड आणि क्वेर्नेविक

स्टावांगरहून लोकल गाडीने योत्तोवोगेनला उतरलं की समोर फुटबॉलचं स्टेडियम, कार्यालयं, नव्या इमारती. त्यांच्या पलीकडे गान्सफ्योर्डचं, म्हणजे जमिनीत आत शिरलेल्या खाडीचं, शांत पाणी. याच काठावर, हिन्नावोगेनच्या गोदीत, सत्तरच्या दशकापासून काँक्रीटचे महाकाय पाय घडवले गेले. तळाच्या गोल कोठ्या कोरड्या गोदीत ओतायच्या, मग पाणी आत घेऊन तो तळ तरंगवायचा आणि खोल पाण्यात नेऊन पुढचं काम करायचं. सरकतं शटरिंग लावून रात्रंदिवस ओतकाम चालायचं. शटरिंग वर सरकत राहतं, खाली काँक्रीट धरत जातं, मध्ये थांबायचं नाही. फ्योर्ड खोल आणि वाऱ्यापासून आडोशाला असल्यामुळेच हे जमलं. हा फ्योर्ड नसता तर नॉर्वेचे काँक्रीटचे प्लॅटफॉर्मही नसते.

माझ्यासाठी मात्र या पाण्याची ओळख वेगळी आहे. २३ ऑगस्ट १९९१ रोजी इथे स्लाइप्नर ए या गॅसच्या प्लॅटफॉर्मचा काँक्रीटचा तळ बुडाला.

त्या तळात चोवीस कोठ्या होत्या, एकमेकींना चिकटलेल्या. तीन गोल कोठ्या एकमेकींना टेकल्या की मध्ये एक तिकोनी पोकळी उरते. ती पोकळी वरून उघडी, म्हणजे तिच्यात समुद्राचं पाणी. तळ जसजसा खाली न्यावा तसतसा त्या पोकळीतल्या पाण्याचा दाब भिंतींवर वाढत जातो आणि कोठीच्या आत तर हवाच असते. पुढे वरचा डेक बसवण्यासाठी तळ खोल बुडवावा लागणार होता, त्याची चाचणी सुरू होती. एका पायातून मोठा आवाज आला आणि पाणी आत घुसू लागलं. पंपांना ते आवरेना. आतली सगळी माणसं सुखरूप बाहेर पडली. तळ मात्र गेला. खाली जाताना तो चिरडला आणि फ्योर्डच्या तळावर आदळला, तेव्हा भूकंपमापकांवर ३ रिश्टरची नोंद झाली. एकूण नुकसान सुमारे ७० कोटी डॉलरचं.

चूक संगणकावरच्या जाळीत होती. त्या तिकोनी पोकळीच्या भिंतींपाशी जाळी जाडीभरडी आणि तिरपी घेतली गेली. त्यामुळे तिथला कातर ताण, म्हणजे शिअर, प्रत्यक्षापेक्षा ४७ टक्के कमी निघाला. त्या आकड्यावर भरवसा ठेवून भिंत बारीक राहिली. जिथे आडव्या सळया हव्या होत्या तिथे त्या आखूड पडल्या. नंतर त्याच भिंतीचं हिशेबशीर विश्लेषण झालं, तेव्हा ती ६२ मीटर पाण्याच्या दाबाला फुटेल असं उत्तर आलं. प्रत्यक्षात ती फुटली ६५ मीटरला. म्हणजे उत्तर मिळण्यासारखं होतं. कुणीतरी कागदावर तेवढी एक भिंत वेगळी काढून मोजायला हवी होती.

हे मी नोकरीच्या पहिल्या वर्षी वाचलं. तेव्हापासून पडद्यावर ताण दाखवणारे निळ्यापासून लालपर्यंत रंग उमटले की ते झाकून ठेवते आणि सांध्यातला कातर ताण आधी पेन्सिलीने काढते. फ्योर्डच्या काठावर बसून बाबांना मी वहीत त्या तिकोनी पोकळीची आकृती काढून दाखवली. त्यांनी ती बराच वेळ बघितली आणि पोकळीच्या तीन टोकांवर बोट ठेवलं. बरोबर तिथेच.

यातला गॅसचा भाग असा की, गॅसची विक्री आधीच झालेली होती. ऑक्टोबर १९९३ पासून युरोपला पुरवठा करायचा करार होता. तळ गेला म्हणून करार थांबत नाही. नवा तळ नव्या हिशेबाने उभा राहिला आणि पुरवठा ठरलेल्या महिन्यात सुरू झाला.

दुपारी बसने शहराच्या पश्चिमेला क्वेर्नेविकला गेलो. समुद्राकडे तोंड करून तिथे 'तुटलेली कडी' नावाचं स्मारक उभं आहे, १९८६ सालचं. आलेक्झांडर किलँड या तरंगत्या निवासी रिगवर गेलेल्या १२३ माणसांचं.

रिग खोदकामासाठी बांधलेली, पण एकोफिस्कच्या परिसरात कामगारांच्या राहण्यासाठी वापरात होती. पाच पाय, पाण्यावर तरंगणारी. २७ मार्च १९८०च्या संध्याकाळी वादळात एक तिरका आधार तुटला, मग त्याच पायाचे बाकीचे आधार, आणि पाय वेगळा झाला. रिग कलंडली आणि अर्ध्या तासाच्या आत उलटली. २१२ माणसांपैकी ८९ वाचली. जीवरक्षक नौका होत्या, पण त्यांच्या दोरांवर भार असताना हूक सुटत नव्हते.

तो आधार का तुटला, ते बाबांना पाठ आहे. त्या नळीवर हायड्रोफोन बसवण्यासाठी एक लहान धारक वेल्ड केलेला होता. पाण्याखालचे आवाज टिपणारं ते साधं उपकरण. त्याच्याभोवतीचा फिलेट वेल्ड, म्हणजे कोपऱ्यात भरलेला सांधा, सहा मिलिमीटरचा. हा धारक भार घेत नाही, म्हणून त्याच्याकडे कुणी सांगाड्याचा भाग म्हणून पाहिलं नाही. पण खालच्या नळीला ते कळत नाही. तिच्या दृष्टीने तो ताण एकवटणारा कोपराच. लाटांनी येणारा ताण तिथे साठत गेला, धातू थकला आणि भेग नळीभर पसरली.

चौकशीत त्या जुन्या भेगेच्या आत रंग सापडला. म्हणजे रिगला रंग लावला तेव्हा भेग तिथे होतीच.

"आम्ही लाल द्रव सोडतो ना भेग शोधायला," बाबा म्हणाले, "तो भेगेत शिरतो आणि नंतर वर झिरपून रेघ दाखवतो. इथे रंगाने तेच केलं, पण माणसं गेल्यावर दाखवलं."

मग ते गप्प झाले. दिवसभर दिसेल त्या लोखंडावरून अंगठा फिरवणाऱ्या बाबांनी त्या स्मारकाला हात लावला नाही. वारा जोराचा होता. आम्ही शेवटच्या बसपर्यंत तिथेच थांबलो.

दिवस तिसरा : वात्समार्गे बर्गन

भाड्याच्या गाडीने निघालो. समुद्रसपाटीच्या दोनशेहून जास्त मीटर खालून जाणारा बोगदा, मग मोर्ताविकाहून आर्सवोगेनची फेरी. बोक्नाफ्योर्डवर ऊन पडलं होतं. आतल्या बाजूला कुठेतरी कोर्स्तोचं गॅस संयंत्र. १९८५ साली पहिल्यांदा खंदक ओलांडून पाइपलाइन तिथे पोचली आणि नॉर्वेच्या समुद्रातला गॅस नॉर्वेच्या जमिनीला लागला.

ते काम पाणबुड्यांशिवाय, म्हणजे समुद्रात खोल उतरणाऱ्या माणसांशिवाय, झालं नसतं. उत्तर समुद्रातल्या त्या पहिल्या पिढीच्या पाणबुड्यांनी शरीरं झिजवली. किती वेळात वर यायचं याची कोष्टकं प्रत्येक कंपनीची वेगळी होती आणि व्यवसायाचं गुपित म्हणून जपली जात होती. घाईने वर आणणारं कोष्टक म्हणजे स्पर्धेत पुढे. कित्येकांचे मेंदू, मज्जारज्जू, फुप्फुसं कायमची अधू झाली. २०१३ साली युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने याबाबत नॉर्वेला दोषी धरलं. धोका किती आहे हे समजण्यासाठी लागणारी माहिती पाणबुड्यांपर्यंत पोचेल याची सरकारने काळजी घेतली नाही, असं न्यायालयाचं म्हणणं. गॅसक्षेत्राच्या खर्चाचा तक्ता मांडताना हा रकाना कुठे असतो? मी आजवर जे तक्ते पाहिले त्यांत तो नव्हता.

रस्ता सोडून आत वळलो आणि वात्सला पोचलो. डोंगरांच्या कुशीतला अरुंद फ्योर्ड. ट्रोल ए चे पाय आणि वरचा डेक यांची गाठ इथे पडली. काँक्रीटचा सांगाडा पाणी भरून इतका खाली न्यायचा की पायांची टोकंच तेवढी वर राहतील. डेक तराफ्यांवर तरंगत आणायचा, पायांच्या बरोबर वर उभा करायचा आणि मग पाणी उपसत सांगाडा वर उचलायचा, म्हणजे डेक आपसूक पायांवर येतो. स्लाइप्नर बुडाला तो नेमका याच टप्प्याच्या तयारीत. चार वर्षांनी, त्याहून कितीतरी मोठ्या सांगाड्यावर तेच पुन्हा करताना त्या माणसांना काय वाटलं असेल?

मे १९९५ मध्ये दहा टगबोटींनी ट्रोल ए ला इथून ओढत नेलं. सुमारे २०० किलोमीटर, सात दिवस. माणसाने पृथ्वीवर जागेवरून हलवलेली ती सगळ्यात उंच वास्तू ठरली. जागेवर पोचल्यावर ३०३ मीटर पाण्यात ती बसवली. तळाचे काँक्रीटचे पडदे स्वतःच्या वजनाने समुद्रतळाच्या मऊ चिकणमातीत ३६ मीटर रुतले. पोलाद इतकं लागलं की त्यात पंधरा आयफेल टॉवर झाले असते.

आता वात्सच्या त्याच धक्क्यावर म्हातारे झालेले प्लॅटफॉर्म तोडले जातात. आम्ही गेलो तेव्हा लोखंडी सांगाड्याचे कापलेले भाग पडले होते. बाबा कुंपणाशी उभे राहून कापलेल्या नळ्यांचे काठ बघत होते. "जाडी अजून चांगली आहे," म्हणाले.

संध्याकाळी उशिरा बर्गन. पाऊस.

दिवस चौथा : कोल्सनेस

बर्गनच्या पश्चिमेला पूल आणि बेटं ओलांडत ओयगार्डनला गेलं की जमीन संपायच्या जरा आधी कोल्सनेस लागतं. ट्रोलचा गॅस इथे येतो. आत जाता येत नाही. पाइप, मनोरे आणि मागे राखाडी समुद्र, एवढंच रस्त्यावरून दिसतं.

मूळ आराखड्यात गॅसवरची प्रक्रिया समुद्रातच, प्लॅटफॉर्मवर करायची होती. १९९० मध्ये आराखडा बदलला. समुद्रात फक्त विहिरींची तोंडं आणि गॅसमधून पाणी वेगळं काढण्यापुरती यंत्रं ठेवायची, बाकी सगळं जमिनीवर आणायचं असं ठरलं. डेक हलका झाला, माणसं कमी झाली आणि वीजही जमिनीवरून केबलने जाऊ लागली. काल वात्सला पाहिलेल्या त्या अवाढव्य गोष्टीचं काम एवढंच : चाळीसेक विहिरींच्या डोक्यावर पाय रोवून उभं राहायचं आणि गॅस किनाऱ्याकडे पाठवायचा. गॅस सुरुवातीला स्वतःच्याच दाबाने येत होता. खडकातला दाब उतरत जातो, तसे मग कंप्रेसर वाढवावे लागतात. क्षेत्र चालू झालं की विकास संपला असं होत नाही, तो वीस-तीस वर्षं चालूच असतो.

ट्रोलच्या पश्चिम भागात गॅसखाली तेलाचा अगदी पातळ थर आहे, वीस-पंचवीस मीटर जाडीचा. आधी तो सोडूनच द्यावा असं वाटत होतं, कारण उभी विहीर त्यातून क्षणात आरपार जाते. मग विहिरी त्या थरातून आडव्या नेण्याचं तंत्र बसलं आणि ट्रोल तेलासाठीही मोठं क्षेत्र ठरलं. पण अट अशी की, आधी तेल काढायचं. वरचा गॅस घाईने उपसला तर दाब पडतो आणि तेल खडकातच अडकतं. गॅस विकायला सगळे तयार असतानाही थांबायचं, याला धीर लागतो.

कोल्सनेसच्या शेजारीच एका धक्क्यावर उंच, सडपातळ बारा टाक्या दिसल्या. कारखान्यांतून जहाजाने आणलेला द्रवरूप कार्बन डायऑक्साइड इथे उतरवून समुद्रतळाखाली सुमारे २६०० मीटरवर सोडण्याचं हे केंद्र, २०२४ मध्ये पूर्ण झालेलं. याची मुळं पुन्हा स्लाइप्नरमध्येच. तिथल्या गॅसमध्ये नऊ टक्के कार्बन डायऑक्साइड होता, तो वेगळा काढावाच लागे. १९९१ साली नॉर्वेने कार्बनवर कर बसवला होता, त्यामुळे तो हवेत सोडणं महाग पडणार होतं. १९९६ पासून तो समुद्राखालच्या वाळूच्या खडकात पुरला जातो, सुरुवातीच्या काळात वर्षाला दहा लाख टनांच्या आसपास. कर नसता तर कुणी हे केलं असतं असं मला वाटत नाही. आणि गॅस जाळल्यावर जो कार्बन निघतो तो यात धरलेलाच नाही, हेही इथे लिहायला हवं.

दिवस पाचवा आणि सहावा : किनाऱ्याच्या बोटीवर

रात्री साडेआठला बर्गनहून किनाऱ्याची बोट सुटली. ही बोट द्रवरूप नैसर्गिक वायूवर आणि बॅटऱ्यांवर चालते. दुसऱ्या दिवशी रात्री मोल्देला उतरायचं होतं. स्टाडच्या उघड्या समुद्रात बोट खूप हलली, ते सोडलं तर दिवसभर डेकवर बसून बोलणं झालं.

बाबांचा प्रश्न होता : ट्रोल १९७९ मध्ये सापडलं आणि गॅस आला १९९६ मध्ये. सतरा वर्षं काय करत होते?

तेल आणि गॅस यांतला सगळा फरक या सतरा वर्षांत आहे. तेल सापडलं तर जहाजात भरता येतं आणि गिऱ्हाईक उद्या शोधलं तरी चालतं. गॅस भरून ठेवायला जागा नाही. त्याला पाइप लागतो आणि पाइप एकाच ठिकाणी जातो. म्हणून आधी साठा किती ते पक्कं करायला आणखी विहिरी खणायच्या, मग गिऱ्हाईक शोधायचं आणि वीस-वीस वर्षांचे करार करायचे. पोलाद त्यानंतर. ट्रोलचा करार १९८६ मध्ये झाला, पुरवठ्याच्या दहा वर्षं आधी. त्याच वर्षी संसदेने आराखड्याला मान्यता दिली. विकणाऱ्याने तीनशे मीटर खोलीच्या समुद्रावर दहा वर्षांनी काय घडेल याचा शब्द दिला होता. हिन्नावोगेनच्या गोदीतल्या माणसांच्या डोक्यावर तो शब्द होता.

"म्हणजे आधी लग्नाची तारीख, मग मुलगी बघायची," बाबा म्हणाले. मला ते पटलं.

दिवस सातवा : गोस्सा बेट

मोल्देहून सकाळी होलिंग्सहोल्मला आणि तिथून फेरीने आउक्राला. गोस्सा बेट सपाट, शेतीचं. उत्तर टोकाला न्यूहाम्नाचं संयंत्र. ओर्मेन लांगे या क्षेत्राचा गॅस इथे येतो. हे नाव राजा ओलाव त्रिग्वासनच्या जहाजाचं, अर्थ लांब सर्प.

इथे समुद्रात प्लॅटफॉर्मच नाही. १९९७ मध्ये सापडलेलं हे क्षेत्र किनाऱ्यापासून सुमारे १२० किलोमीटरवर आणि ८५० ते ११०० मीटर पाण्याखाली. ट्रोलचे काँक्रीटचे पाय तिथे पुरत नाहीत. विहिरींची तोंडं समुद्रतळावरच पोलादी चौकटींत बसवली आणि तिथून दोन पाइप थेट जमिनीवर आणले. झडपा उघडायच्या-मिटायच्या त्या या बेटावर बसून.

पण तळ कसला आहे! आठ हजार वर्षांपूर्वी या किनाऱ्याबाहेरच्या समुद्रतळाचा एक कडा खचला. स्तुरेग्गाची दरड, सुमारे ३००० घन किलोमीटर. त्सुनामी स्कॉटलंडपर्यंत गेली आणि शेटलंडमध्ये पाणी वीस मीटरहून वर चढल्याच्या खुणा आहेत. गॅसचं क्षेत्र आहे ते नेमकं त्या खचलेल्या जागेत. त्यामुळे विकास करण्याआधी प्रश्न असा होता की, विहिरी खणल्या तर पुन्हा दरड सुटेल का? वर्षानुवर्षं भूशास्त्रज्ञांनी तळ तपासला. निष्कर्ष निघाला तो असा : मागच्या हिमयुगात साचलेला मऊ गाळ त्या दरडीत निघून गेला. तसाच गाळ पुन्हा साचायला दुसरं हिमयुग यावं लागेल. मग २००४ मध्ये मान्यता मिळाली. या बेटावर संयंत्राची जागा मोकळी करताना पाषाणयुगातल्या वस्त्यांचे अवशेषही सापडले. ती लाट आली तेव्हा या किनाऱ्यावर माणसं राहत होती.

दरडीने मागे सोडलेले ढिगारे तीस ते साठ मीटर उंच. त्यांच्यामधून पाइपची वाट शोधायची. तळाचं पाणी शून्याच्या खाली, उणे एक अंशाच्या आसपास, आणि दाब प्रचंड. अशा थंडीत आणि दाबात गॅस आणि पाणी मिळून बर्फासारखा घट्ट पदार्थ होतो, हायड्रेट. तो पाइप बुचासारखा बंद करतो. म्हणून गाडीच्या रेडिएटरमध्ये गोठू नये म्हणून घालतात तेच ग्लायकॉल इथून वेगळ्या पाइपने विहिरींपर्यंत पाठवतात. गॅसबरोबर ते परत येतं, त्यातलं पाणी काढून पुन्हा पाठवायचं. २००७ च्या सप्टेंबरमध्ये गॅस सुरू झाला आणि इथून लांगेलेड पाइपलाइनने ११६६ किलोमीटरवर इंग्लंडच्या ईझिंग्टनला पोचू लागला.

आम्ही दगडांवर बसून समुद्राकडे बघत होतो. क्षितिजावर काहीच नव्हतं. एक मासेमारीची होडी.

"इथला वेल्ड कोण तपासतं?" बाबांनी विचारलं.

पाण्यात उतरणारी यंत्रं, कॅमेरे, पाइपच्या आतून धावणारी, पिग नावाची तपासणीची यंत्रं. माणूस नाही.

त्यावर बाबा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बरं आहे. माणूस खाली नको." पाणबुड्यांबद्दल आम्ही फेरीवर बोललो होतो, ते त्यांच्या मनात असावं.

दिवस आठवा

मोल्दे, ऑस्लो, ट्रोम्सो, हॅमरफेस्ट. तीन विमानं.

दिवस नववा : हॅमरफेस्ट

१९४४-४५च्या हिवाळ्यात माघार घेताना जर्मन सैन्याने हे गाव जाळलं. उभं राहिलं ते फक्त दफनभूमीतलं प्रार्थनागृह. त्यामुळे गावात जुनं असं काही दिसत नाही. रस्त्यांवर रेनडिअर फिरतात.

गावासमोरच्या मेल्कोया बेटावर स्नोविट क्षेत्राचा गॅस येतो. १९८४ साली सापडला, पण अठरा वर्षं पडून राहिला. इथून युरोपला पाइप टाकणं परवडणारं नव्हतं. शेवटी गॅस द्रवरूप करून जहाजाने न्यायचं ठरलं. उणे १६३ अंशांपर्यंत थंड केला की त्याचं आकारमान सहाशेपट कमी होतं. मोठं संयंत्र इथल्या थंडीत जागेवर बांधणं कठीण, म्हणून त्याचा गाभा स्पेनमध्ये एका तराफ्यावर बांधून २००५ मध्ये जहाजावर लादून आणला. विहिरी समुद्रतळावर, १४३ किलोमीटर दूर. त्यांच्यावरून मच्छीमारांची जाळी न अडकता सरकावी असे चौकटींचे उतार केलेले आहेत. हे मला फार आवडलं. शेजाऱ्याचा धंदा मोडायचा नाही, हे आराखड्यातच आहे.

सगळं सुरळीत गेलं असं नाही. कार्बन डायऑक्साइड इथेही वेगळा काढून पुरतात, पण ज्या खडकात सुरुवातीला सोडला तिथे दाब अपेक्षेपेक्षा लवकर वाढला आणि २०११ मध्ये जागा बदलावी लागली. सप्टेंबर २०२० मध्ये संयंत्राला आग लागली आणि ते २०२२च्या जूनपर्यंत बंद होतं. आता गॅस जाळून वीज करण्याऐवजी बाहेरून वीज आणायला सरकारने मान्यता दिली आहे. त्यासाठी तारा रेनडिअरच्या चराऊ भूमीवरून जाणार, म्हणून सामी, म्हणजे इथल्या मूळनिवासी, पशुपालकांचा विरोध आहे. मला तो विरोध रास्त वाटतो. बेटावरचा धूर कमी करण्याचा भार पुन्हा दुसऱ्याच कुणाच्या तरी जमिनीवर पडतो.

रात्री अकरा वाजता गावामागच्या टेकडीवर चढलो. सूर्य समुद्रावर टेकलेला, मावळायचं नाव नाही. मेल्कोयाच्या धक्क्यावर एक टँकर भरून तयार होता. डेकवर चार मोठे घुमट. अशा गोल टाक्यांचं डिझाइन नॉर्वेतल्याच मॉस रोझेनबर्ग जहाजबांधणी कंपनीचं, सत्तरच्या दशकातलं.

टेकडीवरच्या लोखंडी कठड्यावरून बाबांचा अंगठा फिरत होता. एका सांध्यापाशी थांबला, मागे आला, पुन्हा पुढे गेला.

"अंडरकट आहे थोडा," ते म्हणाले. अंडरकट म्हणजे वेल्डच्या कडेला राहिलेली खाच. "कठड्याला चालेल."

टगांनी टँकरला धक्क्यापासून सोडवलं. तो वळला आणि उघड्या समुद्राच्या दिशेने निघाला. चारातला शेवटचा घुमट बेटाआड जाईपर्यंत आम्ही उभे होतो.